नॅनोफिल्ट्रेशन: मेंब्रेन सुधारायचं म्हणजे नक्की काय सुधारायचं?

निचरा
सोमवार, रात्री १०:१५

आज प्लांटवर तीन व्हेसल (दाबाच्या नळ्या) उघडून पाणी गाळणारी अठरा मेंब्रेन ओढून बाहेर काढली. आठ इंच जाड, चाळीस इंच लांब, प्रत्येकात साधारण ३७ चौरस मीटर पटल गुंडाळलेलं. सगळी भंगारात जाणार. मन लागत नाहीये म्हणून लिहायला बसले.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सामायिक सांडपाणी प्रकल्पावर प्रोसेस इंजिनिअर आहे. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसचं पाणी आमच्याकडे येतं. आधी जैविक प्रक्रिया, मग यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, जरा मोठ्या छिद्रांची गाळणी), मग आरओ, आणि आरओच्या रिजेक्टवर, म्हणजे मागे उरलेल्या दाट पाण्यावर, नॅनोफिल्ट्रेशन, म्हणजे एनएफ. एनएफचं काम असं, की उरलासुरला रंग आणि सल्फेट अडवायचं आणि साधं मीठ पलीकडे जाऊ द्यायचं. ते मिठाचं पाणी परत रंगाईला वापरता येतं.

झालं असं, की शनिवारी दुपारी बायसल्फाइटच्या डोसिंग पंपाने हवा धरली. क्लोरीन मारणारं रसायन जायचं थांबलं. त्याच आठवड्यात टाकीतली बुळबुळ घालवायला हायपोचा (क्लोरीनच्या द्रावणाचा) डोस वाढवलेला होता. पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या ओआरपी मीटरचा अलार्म सारखा वाजतो म्हणून कोणीतरी आधीच बंद करून ठेवला होता. पाण्यात लोखंडही आहे, आणि लोखंड असलं की क्लोरीनचा मारा आणखी वेगाने होतो. सोमवारी सकाळपर्यंत क्लोरीन मेंब्रेनवर जात राहिलं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. रविवारच्या लॉगशीटवर ऑपरेटरने लिहिलंय, ‘फ्लो चांगला, प्रेशर कमी, सर्व ठीक.’ खरंच फ्लो चांगला होता. ही मेंब्रेन बसवल्यापासून इतकं पाणी त्यांनी कधीच दिलं नव्हतं, कारण क्लोरीनने पटल जळून विरळ होत होतं. सकाळी परमिएटचं, म्हणजे गाळून पलीकडे आलेल्या पाण्याचं, सल्फेट तपासलं तेव्हा कळलं.

गेली काही वर्षं मी या विषयावरचे शोधनिबंध जमेल तसे वाचते. बहुतेकांच्या पहिल्याच परिच्छेदात ‘पाणी इतके पट जास्त’ असं असतं. मला जास्त पाणी नको आहे. नेमकं अडवणारं आणि माणसाची एक चूक सोसणारं मेंब्रेन हवंय. या क्षेत्रात संशोधन करणारं इथे कोणी आहे का? खरं काय चाललंय ते सांगा.

---

सई_म
सोमवार, रात्री १०:५०

वाचून वाईट वाटलं निचराताई. मी कॉमर्सची आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. एनएफ म्हणजे बारीक छिद्रांची गाळणीच ना? मग मीठ पलीकडे जातं आणि सल्फेट अडतं हे कसं? दोन्ही विरघळलेलेच असतात. त्यांच्या आकारात एवढा फरक असतो का?

---

बेंझीनवलय
मंगळवार, पहाटे २:३०

मी नेदरलँड्समध्ये मेंब्रेनवरच पीएचडी करतोय. सईताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. आमच्या विषयातली निम्मी भांडणं याच प्रश्नावर आहेत.

आकाराचा फरक आहे, पण निवाडा एकट्या आकारावर होत नाही. एनएफची छिद्रं साधारण एक नॅनोमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. केसाच्या जाडीत अशी पन्नास हजारांहून जास्त छिद्रं ओळीने मावतील. पण त्या छिद्रांच्या भिंतींवर ऋण विद्युतभार असतो. सल्फेटवर दोन ऋणभार असतात, त्यामुळे भिंत त्याला जोरात मागे ढकलते. क्लोराइडवर एकच, म्हणून त्याला ढकलणं सौम्य. सोडियम सोबत घेऊन ते निसटतं. विरघळलेल्या प्रत्येक आयनाने स्वतःभोवती पाण्याच्या रेणूंची शालही पांघरलेली असते. अरुंद छिद्रातून जायचं तर ती शाल थोडी तरी उतरवावी लागते. ज्याने ती घट्ट धरलेली असते, तो सहजी आत शिरत नाही.

निचराताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. आधी हे पटल कसं बनतं ते सांगतो, कारण बिघाडाचं मूळ तिथेच आहे.

खाली पॉलिएस्टरचं कापड, त्यावर सच्छिद्र पॉलिसल्फोन. हे दोन्ही थर नुसता आधार. या आधारात पायपरेझीन (एक अमाइन) विरघळवलेलं पाणी मुरवतात आणि वरून हेक्सेनसारख्या द्रावकातलं ट्रायमेसॉइल क्लोराइड ओततात. पाणी आणि हेक्सेन मिसळत नाहीत. जिथे ते एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर काही सेकंदांत पॉलिअमाइडची साय धरते. दुधावर धरते तशीच समजा. साय धरली की खालचं पायपरेझीन वर यायला वाट राहत नाही आणि प्रक्रिया आपोआप मंदावते. म्हणून थर काही दहा नॅनोमीटरच्या घरात राहतो. गाळण्याचं सगळं काम तेवढाच थर करतो. ही पद्धत सत्तरच्या दशकात अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी घडवली आणि आजही कारखान्यांतून बहुतेक मेंब्रेन याच वाटेने बनतात.

अडचण ही, की साय एकसारखी धरत नाही. प्रक्रिया इतकी झटपट होते, की कुठे दाट विणली जाते, कुठे विरळ. छिद्रांचे आकार कमीजास्त होतात. सल्फेट निसटतं ते सरासरी छिद्रातून नाही, विरळ जागेतून. गेल्या दहा वर्षांतलं मला महत्त्वाचं वाटणारं काम ही साय धरताना तिच्यावर ताबा मिळवण्याचं आहे.

उद्या पुढे लिहितो, इथे आता रात्रीचे अकरा झालेत.

---

आबा७१
मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, तुमचं दुःख समजलं. मी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात तीस वर्षं होतो, नंतर एका कारखान्याचा आरओ सांभाळला. माझ्या अनुभवात मेंब्रेन आपणहून क्वचितच मरतं. त्याला आधीचं पाणी मारतं किंवा धुणारा मारतो.

एक गोष्ट मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. सीआयपी (मेंब्रेन जागेवरच रसायनांनी धुणं) करताना सांडपाण्याच्या मेंब्रेनला आधी अल्कली, मग अ‍ॅसिड. पुष्कळ जण फ्लो पडला की सरळ सायट्रिक अ‍ॅसिड घेतात. पटलावर सेंद्रिय घाण बसलेली असेल तर अ‍ॅसिडमध्ये ती साकळते आणि जास्तच चिकटते. मग कितीही धुवा. दोन पटलांमधली प्लॅस्टिकची जाळी असते ना, तिच्याकडेही कोणाचं लक्ष नसतं. जैविक चिकटा आधी त्या जाळीत धरतो. २८ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या जाळीऐवजी ३४ मिलची घेतली तर पटल थोडं कमी मावतं, पण धुणं सोपं जातं. सांडपाण्याला मी डोळे झाकून ३४ सांगेन.

नवीन मेंब्रेन येईल तेव्हा येईल. एसडीआय (पाणी फिल्टर किती लवकर तुंबवतं त्याचा आकडा) तीनच्या खाली ठेवा, अलार्मला हात लावू देऊ नका.

---

निचरा
मंगळवार, दुपारी १:२०

आबा, जाळीचं अगदी पटलं. नव्या ऑर्डरमध्ये ३४ च लिहिते. अलार्म बंद करण्याचा अधिकार आता शिफ्ट इनचार्जलाही ठेवलेला नाही.

पण एका बाबतीत तुमच्याशी वाद घालते, रागावू नका. आमच्याकडे सगळं होतं. बायसल्फाइट होतं, मीटर होतं, कार्ट्रिज फिल्टर होते. एका शनिवार-रविवारी एक पंप बंद पडला आणि लाखोंचं सामान गेलं. जो पदार्थ दोन दिवसांची चूक सोसत नाही, तो छोट्या गावाच्या योजनेवर कसा टिकणार? तिथे तर रविवारी कोणी नसतंच. आधीचं पाणी सुधारायलाच हवं. पण म्हणून पटलाने नाजूकच राहावं हे मला मान्य नाही.

---

केळापूरकर
मंगळवार, रात्री ८:४०

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय, शाळेत शिक्षक आहे. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे हे बऱ्याच जणांना माहीत असेल. वर्गात मुलं हसली की दातांवरचे तपकिरी पट्टे दिसतात. म्हाताऱ्यांची गुडघे आणि पाठ धरलेली. ग्रामपंचायतीत एक विक्रेता येऊन सांगून गेला, की एनएफचं यंत्र बसवा, आरओसारखं पाणी वाया जात नाही आणि फ्लोराइड जातं. लोक मला विचारून राहिले, मास्तर खरं का? फ्लोराइडवर तर एकच भार असतो. बेंझीनवलय म्हणतात त्या हिशेबाने ते मिठासारखं पलीकडे जायला पाहिजे ना?

---

बेंझीनवलय
बुधवार, रात्री १२:५०

सर, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत.

फ्लोराइडवर एकच भार आहे हे खरं, पण त्याची पाण्याची शाल क्लोराइडपेक्षा पुष्कळ घट्ट असते. मुळातला आयन लहान, म्हणूनच तो पाण्याला जास्त जोरात धरतो. त्यामुळे एनएफ क्लोराइडपेक्षा फ्लोराइड जास्त अडवतं. किती, ते मेंब्रेनवर अवलंबून आहे. सैल विणीचं असेल तर निम्म्याच्या थोडं वर, घट्ट विणीचं असेल तर नव्वद टक्क्यांच्या आसपासही. ‘एनएफ’ हा शब्द म्हणजे एक वस्तू नाही, मोठं कुटुंब आहे. विक्रेत्याला मेंब्रेनचं नेमकं मॉडेल विचारा आणि तुमच्याच पाण्यावरची चाचणी मागा.

आता काल अर्धवट राहिलेलं.

२०१५ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये संतनू करण, झिवेई जियांग आणि अँड्र्यू लिव्हिंग्स्टन यांनी दहा नॅनोमीटरपेक्षा पातळ पॉलिअमाइड पटल बनवून दाखवलं. ते सेंद्रिय द्रावकांसाठी होतं, पाण्यासाठी नाही. पण इतकं पातळ पटल दाब सोसतं हे त्यातून सिद्ध झालं. करण पुढे भावनगरच्या सीएसएमसीआरआय या सरकारी संशोधन संस्थेत आले, म्हणजे हे काम आपल्याकडेही होतंय.

२०१८ मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या गटाने पायपरेझीनच्या पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलं. त्याने पायपरेझीनची चाल मंदावली आणि सायीवर नळ्यांचे, बुडबुड्यांचे नक्षीदार उंचवटे उठले. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि पट्टे कसे उमटत असतील याचं गणित मांडलं होतं. एक घटक हळू पसरतो, दुसरा झपाट्याने, आणि त्यातून नक्षी उमटते. तेच गणित इथे लागू पडलं. मला हा निबंध फार प्रिय आहे, पण निचराताईंच्या चाळणीतून घातला तर त्याचाही मुख्य दावा जास्त पाण्याचाच.

तुम्हाला हवं त्याच्या जास्त जवळचं काम २०२० मधलं आहे. साय धरण्याआधी सीमेवर सोडियम डोडेसिल सल्फेटच्या रेणूंची एकसारखी चटई अंथरली. हा पदार्थ आपल्या शाम्पू-टूथपेस्टमध्येही असतो. त्या चटईमुळे पायपरेझीन सगळीकडून सारख्या वेगाने वर आलं, आणि छिद्रं इतकी एकसारखी झाली की एका अँगस्ट्रॉमपेक्षा (नॅनोमीटरचा दहावा भाग) कमी फरकाचे आयनही वेगळे करता आले. नवा महागडा पदार्थ नाही, तीच जुनी रसायनं आणि त्यात साबणासारखं एक. सुधारणा म्हणजे हे, असं मला मनापासून वाटतं.

---

निचरा
बुधवार, दुपारी २:००

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे विरळ जागा राहूच द्यायची नाही. जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं.

पण क्लोरीनचं काय? असं वाचलंय, की पायपरेझीनच्या अमाइडमध्ये नायट्रोजनवर हायड्रोजन नसतो, म्हणून एनएफ आरओपेक्षा क्लोरीन जास्त सोसतं. आमच्या भंगाराकडे बघून तसं वाटत नाही.

---

बेंझीनवलय
बुधवार, संध्याकाळी ६:१५

वाचलंत ते अर्धं खरं आहे. आरओच्या पॉलिअमाइडमध्ये क्लोरीन आधी त्या हायड्रोजनची जागा घेतं आणि मग शेजारच्या वलयावर सरकतं. पायपरेझीनमध्ये ती वाट बंद असते. पण साय कधीच पूर्ण जुळलेली नसते. प्रक्रिया न झालेली अमाइनची टोकं शिल्लक असतात, आणि क्लोरीन तिथून धरतं. त्यात तुमच्याकडे लोखंड होतं.

यावर वेगळी वाट म्हणजे पॉलिअमाइड सोडूनच द्यायचं. पोकळ तंतू घ्यायचे आणि त्यांच्या आतल्या भिंतीवर धनभाराचं बहुवारिक (पॉलिमर), मग ऋणभाराचं, पुन्हा धनभाराचं, असे एकावर एक थर चढवायचे. विरुद्ध भारांच्या ओढीनेच ते एकमेकांना धरून राहतात. इथे एन्स्खेडेमध्ये एनएक्स फिल्ट्रेशन नावाची कंपनी अशी मेंब्रेन बनवते. माझा तिच्याशी संबंध नाही. हे तंतू क्लोरीनने धुता येतात आणि उलट्या दिशेनेही धुता येतात. गुंडाळीच्या मेंब्रेनला उलटं धुणं शक्यच नसतं, आबा सांगतील. मिठाच्या बाबतीत ते घट्ट पॉलिअमाइडइतकं अडवत नाहीत, पण तुम्हाला मीठ जाऊच द्यायचंय.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. ‘जास्त पाणी नको’ इतकं सरसकट नको म्हणायला. समुद्राच्या पाण्यासाठी पटल तिप्पट झिरपणारं केलं तरी ऊर्जा १५ टक्क्यांच्या आसपासच वाचते, असा एमआयटीच्या गटाचा २०१४ चा हिशेब आहे. कारण तिथला बराचसा दाब परासरणावर, म्हणजे खारट पाण्याच्या स्वतःच्या उलट ओढीवर, मात करण्यातच जातो. पण कमी खारट पाण्यावर त्याच हिशेबात बचत ४६ टक्क्यांपर्यंत जाते. केळापूरकर सरांच्या गावात वीज सोलरवर असेल, तर हा फरक मोठा आहे.

---

आबा७१
बुधवार, रात्री ९:३०

बरोबर, गुंडाळीला बॅकवॉश देता येत नाही, डिंकाचे जोड फाटतात. तंतूंचं ऐकून बरं वाटलं. आमच्या वेळी हे असतं तर माझ्या किती रात्री वाचल्या असत्या.

---

निचरा
बुधवार, रात्री १०:४०

बेंझीनवलय, कमी खारट पाण्याबद्दल मान्य. शब्द मागे घेते. सांडपाण्यावर मात्र आम्ही चौरस मीटरला तासाला पंधरा-वीस लिटरच्या वर जातच नाही. जास्त ओढलं तर घाण पटलावर दाबली जाते आणि आठवड्यात सीआयपी. तिथे झिरपणं वाढवून फायदा नाही.

आणखी एक, जे निबंधांत क्वचित दिसतं. भाराचा जोर खारटपणा वाढला की कमी होतो. प्रयोगशाळेत लिटरला एक-दोन ग्रॅम क्षारावर चाचणी घेतात. आमच्या ब्राइनमध्ये त्याच्या कितीतरी पट असतात. इतक्या गर्दीत भिंतीचा भार झाकला जातो आणि सल्फेटही निसटायला लागतं. प्रोसेस हाऊसने मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरलं असेल तर सगळा हिशेबच फिरतो, कारण जे परत हवं तेच अडतं. मेंब्रेन बनवणाऱ्यांनी एकदा आमच्या पाण्यावर चाचणी घ्यावी, ही माझी कळकळीची मागणी आहे. नमुना पाठवण्याचा खर्च मी करते.

---

सई_म
गुरुवार, सकाळी ९:१०

सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. घरासाठी एक विचारू? आमच्याकडे धरणाचं पाणी येतं, टीडीएस १५० च्या आत. एनएफ घ्यावं का?

---

आबा७१
गुरुवार, सकाळी ९:४५

नका घेऊ. त्यात काढण्यासारखे क्षारच नाहीत. यूएफ किंवा यूव्ही पुरे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओ नको असंच म्हटलं होतं. वर्षातून दोनदा टाकी धुवा.

---

केळापूरकर
शनिवार, दुपारी १२:३०

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला. फ्लोराइड ३.२, टीडीएस ७८०, कठिणपणा ३४०, नायट्रेट ६२. सगळं मिलिग्रॅम प्रतिलिटर. विक्रेत्याला मॉडेल विचारलं तर म्हणे कंपनीचं गुपित आहे. ताई, तुम्ही सांगा आता.

---

निचरा
शनिवार, दुपारी ३:१५

सर, रिपोर्ट करून घेतलात हे फार चांगलं केलंत. मॉडेल न सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका.

आकडे मांडून बघू. समजा सैल विणीचं एनएफ बसवलं आणि पाणी १.२ फ्लोराइडवर आलं. भारतीय मानकात इष्ट मर्यादा १.० आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. म्हणजे जेमतेम. शंभर लिटरमधलं ७५ लिटर प्यायला घेतलं, तर उरलेल्या २५ लिटर रिजेक्टमध्ये फ्लोराइड ९.२ होईल. विक्रेत्याने याचं काही सांगितलं नसणार. ते गटारात सोडलं तर परत त्याच जमिनीत मुरणार.

पण माझी खरी काळजी नायट्रेटची आहे. मर्यादा ४५, तुमच्याकडे ६२. नायट्रेटवर एकच भार आणि त्याची पाण्याची शाल अगदी सैल. सैल एनएफमधून ते जवळपास सरळ निघून जातं. बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांना त्याचा धोका असतो. म्हणजे तुम्हाला फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही अडवणारं आणि कॅल्शियम थोडं ठेवणारं पटल हवंय. असं मेंब्रेन आज माझ्या माहितीत बाजारात नाही. बेंझीनवलय, चूक असेल तर सांगा.

---

बेंझीनवलय
शनिवार, संध्याकाळी ५:००

चूक नाही. घट्ट एनएफ किंवा आरओने दोन्ही खाली येतील, पण कॅल्शियमही जाईल आणि रिजेक्टचा प्रश्न तसाच राहील. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत फ्लोराइड कमी करते, नायट्रेटला हात लावत नाही. तुमचा हा रिपोर्ट मी सोमवारी आमच्या गटाच्या बैठकीत फळ्यावर लिहिणार आहे. आम्ही चाचणीला मीठ आणि मॅग्नेशियम सल्फेट घेतो कारण सगळे तेच घेतात. ३.२ आणि ६२ असलेलं पाणी बनवून घ्यायला एक तास लागतो.

---

आबा७१
शनिवार, रात्री ८:२०

मास्तर, बोअर किती खोल आहे? गावात जुनी उघडी विहीर आहे का? फ्लोराइड खडकातून येतं, खोल पाण्यात बहुधा जास्त असतं. उथळ विहिरीत कमी सापडतं. नायट्रेट मात्र शेणखत, संडास यांच्या जवळ वाढतं, म्हणून विहीर गोठ्यापासून लांबची बघा.

---

केळापूरकर
रविवार, सकाळी १०:०५

बोअर २८० फूट. शाळेमागे शिवारात पाटलांची जुनी विहीर आहे, नळयोजना आल्यापासून कोणी पाणी भरत नाही. गोठा जवळ नाही. आज पोरांना घेऊन जाऊन आलो, उन्हाळा असून बारा हात पाणी आहे. दोन बाटल्या भरून ठेवल्या, उद्या पहिल्या एसटीने प्रयोगशाळेत नेतो. फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही लिहून घ्यायला सांगणार आहे. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.